कळसचं लॉन आणि दोन बारके ट्रॅक्टर

ट्रॅक्टर विकणाऱ्या माणसाकडे लिहिण्यासारखं काय असणार, असं मी संपादकांना फोनवर म्हणालो. ते म्हणाले, ट्रॅक्टरबद्दल नका लिहू, गिऱ्हाइकांबद्दल लिहा. हे मात्र पटलं. ट्रॅक्टर सगळे एका साच्यातून निघतात. गिऱ्हाइकाचा साचा देव प्रत्येक वेळी मोडून टाकत असावा.

बारामतीत भिगवण रस्त्याला आमचं दुकान होतं. मालकांना सगळे शेठ म्हणत. मी तिथे सेल्समन. पण आमच्याकडे इस्त्रीची पॅन्ट घातलेल्या माणसाला साहेब म्हणायची पद्धत, त्यामुळे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मी शिंदेसाहेब होतो. घरी तसं कुणी म्हणत नसे.

ट्रॅक्टर घ्यायला माणूस कधी एकटा येत नाही. बरोबर भाऊ असतो, मेव्हणा असतो आणि गावातला एक जाणकार असतो. जाणकार आल्याआल्या टायरला लाथ मारतो. इतकी वर्षं विकून मला अजून कळलेलं नाही की त्या लाथेने त्याला काय कळतं. मग पहिला प्रश्न येतो, "किती हॉर्सपॉवर?" उसाचा पट्टा, काळी जमीन, कारखान्याला भरून जाणाऱ्या ट्रॉल्या, तेव्हा जितकी ताकद जास्त तितका माणूस मोठा, असा साधा हिशेब होता. मी मात्र आधी विचारायचो, "बसणार कोण?" लोकांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटे. पण ज्या ट्रॅक्टरवर बसायला घरात माणूस नाही, तो वर्षभरात गोठ्याशेजारी कोंबड्यांच्या ताब्यात जातो, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं होतं.

नव्वदीच्या मध्यावर कंपनीने आमच्याकडे एक बारका ट्रॅक्टर पाठवला. सगळं मोठ्यासारखंच, डिझेल इंजिन, मागे अवजार उचलायची लिफ्ट, अवजार फिरवायचा दांडा, पण आकाराने वासराएवढा. फळबागेत दोन ओळींतून जावा, फवारणी करावी, मागे कटर लावलं तर गवत कापावं, असा त्याचा उपयोग. आज हे ट्रॅक्टर बागाबागांतून दिसतात. तेव्हा लोक यायचे, हसायचे आणि मोठ्या ट्रॅक्टरची चौकशी करायचे. एकाने तर विचारलं, याची आई कुठं हाय.

पहिला विकला तो पणदऱ्याच्या एका आबांना. दुधाचा धंदा, गाईंसाठी घासाचं रान, आणि घास कापून थेट गोठ्यात न्यायचा होता. बारका ट्रॅक्टर त्यांच्या कामाला अगदी मापाचा. आबांनी आवारात फेऱ्या मारल्या, खूश झाले, आणि मग खाली उतरून टोपी काढून डोकं खाजवायला लागले. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, काम चोख करंल, पन सोसायटीपुढनं ह्याच्यावर बसून कसं जायचं? शेवटी आमच्या बशीरभाई मेस्त्रींनी त्याला ट्रकचा हॉर्न बसवून दिला. त्यानंतर पणदऱ्यात पुष्कळ दिवस असं चालायचं, की मागून ट्रक आला म्हणून लोक रस्ता सोडून चिखलात उतरायचे, आणि मग समोरून आबा त्या वासरावर बसून शांतपणे निघून जायचे.

पण आज सांगायची गोष्ट दुसरी आहे.

आमच्या शेडमध्ये आणखी एक यंत्र होतं. परदेशात राहून आलेले एक इंजिनिअर पुण्याहून इकडे फार्म हाउसवर येत. त्यांनी तिकडून येताना गवत कापायचा गार्डन ट्रॅक्टर आणला होता. पुढे त्यांना गवताचा कंटाळा आला, खरी शेती करावीशी वाटली, आणि आमच्याकडून मोठा ट्रॅक्टर घेताना त्यांनी हे यंत्र बदल्यात दिलं. शेठनी ते घेतलं आणि घेतल्याचा त्यांना पुढे रोज पश्चात्ताप होई. ट्रॅक्टर म्हणावं तर नांगर ओढत नाही, स्कूटर म्हणावी तर रस्त्यावर चालत नाही. बुटकं, पेट्रोलवर चालणारं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, पोटाखाली, पसरट पत्र्याचं खोकं, आणि त्यात पट्ट्यावर गरगर फिरणारी पाती. गवत कापणं एवढं एकच काम त्याला येई, पण ते न्हाव्यासारखं येई. दुकानात त्याला सगळे खेळणं म्हणत. बशीरभाई बॅटरी उतरू नये म्हणून ते अधूनमधून चालू करत, तेवढ्यापुरतं सीटवर झोपलेलं मांजर उठून बाजूला बसे.

तर एका सकाळी कळसचे मारुतीतात्या दुकानात आले. साठीकडे झुकलेला ऐटबाज माणूस, पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. आज्यापासून यांच्या घरात मेंढरं. कॅनॉलचं पाणी आलं तशी शेती वाढली, आणि डाळिंबाने तात्यांना चांगला हात दिला. ते एका नातलगाच्या लग्नाला पुण्याला गेले होते. तिथे लग्न मंडपात नव्हतं, हॉलमधे नव्हतं, मोकळ्या हिरवळीवर होतं. त्याला लॉन म्हणतात असं त्यांना कळलं. तात्या परत आले ते डोक्यात लॉन घेऊनच. रस्त्यालगतचं रान मोकळं केलं, लेव्हल केलं आणि लग्नांना भाड्याने द्यायचं म्हणून त्यात गवत लावलं.

कळसमधे यावर पुष्कळ करमणूक झाली म्हणे. ज्या गावात बायका वर्षभर खुरपी घेऊन गवत काढतात, तिथे एक शहाणा माणूस पैसे देऊन गवत लावतो, पाणी देतो, वर खत घालतो. तात्यांनी ते मनावर घेतलं नाही. गवत मात्र जोमाने आलं, आणि मग ते थांबेना. विळे घेऊन बायका लावल्या तर एका कडेपासून दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत पहिली कड पुन्हा वाढलेली. त्यात पहिल्या लग्नाची सुपारी आली. आता गवत कापायला काहीतरी हवं होतं.

आबांच्या ट्रॅक्टरच्या जागी कंपनीने दुसरा बारका ट्रॅक्टर पाठवला होता, तो मी दाखवला. तात्यांना तो पटला. गवत कापून झालं की डाळिंबात फवारणीला जाईल, हे त्यांनी स्वतःच काढलं. मग मी माझा प्रश्न विचारला. बसणार कोण? तात्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. तात्यांची कंबर धरलेली, ते खुर्चीतून उठतानाच खुर्ची बरोबर घेऊन उठत. त्यांनी विषय टाळला. म्हणाले, बसंल कोनतरी. माझी नजर चुकवून ते शेडकडे गेले, आणि तिथे त्यांना खेळणं दिसलं. त्याकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, दोन्ही घेऊन या कळसला. बघू.

शेठना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, खेळणं खपलं तर तुला पेढे देतो, आणि नाही खपलं तर तिकडेच विसरून ये.

टेम्पोत दोन्ही यंत्रं चढवून बशीरभाई आणि मी कळसला गेलो. लॉन पाहून मात्र मी टेम्पोतून उतरायचंच विसरलो. त्या सगळ्या उन्हाळलेल्या मुलखात एवढा हिरवा तुकडा. डोळ्यांना गार वाटलं. त्याच्या मधोमध एक म्हातारी विळा घेऊन उकिडवी बसायचा प्रयत्न करत होती. गुडघे वाकत नव्हते, म्हणून ती एक पाय लांब पसरून, कडेवर रेलून गवत कापत होती. नऊवारीचा काष्टा, अंगाने काडी, चेहरा उन्हाने भाजून पक्का झालेला. तात्या घाईघाईने तिच्याकडे गेले आणि हलक्या आवाजात रागावले. पाहुणे आल्यावर तरी विळा ठेवायचा, असं काहीसं.

ही तात्यांची थोरली बहीण, हौसाअक्का. लहान वयात नवरा गेला, माहेरी आली, आणि तेव्हापासून घरची मेंढरं तिच्याकडे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. तात्यांचं शिक्षण, लग्न, विहीर, सगळं त्या मेंढरांच्या जिवावर झालेलं. हे मला तात्यांनीच सांगितलं, अभिमानाने सांगितलं. आता तिने बसून खावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ओसरीवर तिच्यासाठी झोपाळा लावला होता. त्या झोपाळ्यावर कांदे वाळत घातलेले मी पाहिले.

चहा झाला आणि आम्ही आधी बारका ट्रॅक्टर उतरवला. मी स्वतः बसलो. मागचं कटर सोडलं आणि लॉनवर लांब पट्टा घेतला. काम भराभर होत होतं. पण दोन अडचणी निघाल्या. कटर मागे असल्यामुळे ट्रॅक्टरची चाकं आधी गवतावरून जात, गवत आडवं होई, आणि त्यावरून पातं नुसतं फिरून जाई. दुसऱ्या दिवशी ते गवत उठून उभं राहणार, झोपेतून उठलेल्या माणसाच्या केसांसारखं. दुसरी अडचण मोठी. तात्यांनी आम्हाला हिरवळ चांगली दिसावी म्हणून आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलं होतं. काळी माती भिजली की लोणी होते. वळताना ट्रॅक्टरची मागची चाकं रुतली आणि लॉनवर दोन चऱ्या उमटल्या. तात्या त्यांच्याकडे असं पाहत होते, जणू मी त्यांच्या गालावरून ट्रॅक्टर नेला होता.

मी खाली उतरलो आणि जे खरं ते सांगितलं. हा ट्रॅक्टर बागेचा माणूस आहे, हिरवळीवर जड पडतो. कोरड्या जमिनीवर सांभाळून चालवला तर चालेल, पण रोजचं गवत हेच काम असेल तर दुसरं यंत्र बरं. मात्र ते डाळिंबात जाणार नाही, ट्रॉली ओढणार नाही, आणि गवत गुडघ्याएवढं वाढू दिलं तर त्यातही अडकेल. तात्या म्हणाले, एवढं महाग घ्यायचं आणि गवतच कापायचं?

इतक्यात बशीरभाईंनी खेळणं उतरवलं होतं आणि अक्का त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली होती. तिने सीटवर हात ठेवून पाहिला. सीट तिच्या कमरेच्याही खाली होती. बारक्या ट्रॅक्टरवर चढायला मला पाय उचलून टांग मारावी लागली होती, ते तिच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. ह्याच्यावर मात्र खाटेवर बसावं तसं बसता येत होतं. तिने बशीरभाईंना विचारलं, "बाबा, बाईमानसानं बसलं तर चालंल का ह्ये?" बशीरभाई माझ्याकडे बघायला लागले. मी तात्यांकडे. तात्या आभाळाकडे.

तेव्हा मला उलगडलं की तात्यांनी दुकानात नजर का चुकवली होती. म्हातारीने आधीच घरात विचारलं असणार, आणि तात्यांनी आधीच नाही म्हटलं असणार.

मी म्हणालो, बसा अक्का. बशीरभाईंनी चालू कसं करायचं, पायाने पुढे कसं जायचं, थांबायचं कसं ते दाखवलं. कडेला विळ्याने गवत कापणाऱ्या बायका काम टाकून बघायला उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अक्का निघाली. तिने सरळ पट्टा घेतलाच नाही. कडेकडेने निघाली, पांगलेली मेंढरं वळवून आत आणावीत तशी, लॉनला वळसा घालत. मागे कापलेली हिरवी वाट अशी गुळगुळीत निघत होती की हसणाऱ्या बायका हसायच्या थांबल्या.

आणि इंजिन बंद पडलं.

बशीरभाईंनी चालू करून दिलं. थोडं पुढे गेली, एका उंचवट्यावरून यंत्र उडालं, पुन्हा बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. बशीरभाईंनी पेट्रोल पाहिलं, प्लग पाहिला. मग त्यांनी अक्काला उतरवून मला बसायला सांगितलं. मी बसलो तर त्याच उंचवट्यावरून यंत्र मुकाट गेलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. या यंत्राच्या सीटखाली एक बटण असतं. माणूस उठला की सीट वर येते, बटण सुटतं आणि इंजिन थांबतं, म्हणजे पाती फिरत असताना कुणी खाली उतरून हात घालू नये. अक्काचं वजन इतकं कमी, की जरा धक्का बसला की सीट वर येई.

बशीरभाईंनी ते तिला सोप्या शब्दांत सांगितलं. म्हणाले, "अक्का, मशीनला वाटतंय, वर कुनी बसलंच न्हाय."

बायका पुन्हा हसल्या. अक्काही हसली. मग टायरवर हात ठेवून, आमच्यापैकी कुणाकडेच न बघता ती म्हणाली, "ह्याला बी तसंच वाटतंय व्हय."

तात्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला, आणि विहिरीवरच्या मोटरकडे जाऊन येतो म्हणून निघून गेले. ते परत आले नाहीत. आम्ही वाट पाहिली, दोन्ही यंत्रं टेम्पोत चढवली आणि बारामतीला परतलो. शेठ म्हणाले, दोन्ही परत आणलीस? कमाल आहे.

दोन-तीन दिवसांनी दुपारी दुकानासमोर एसटी थांबली आणि हौसाअक्का उतरली. एकटी. हातात पिशवी, त्यात भाकरी बांधलेली. मला म्हणाली, ती बसायची जागा नीट व्हईल का, तेवढं इचारायला आले. मी तिला शेडमध्ये नेलं.

बशीरभाईंचा पहिला विचार कुठल्याही मेस्त्रीचा असतो तोच होता: बटणाच्या दोन वायरी जोडून टाकू, कटकट मिटली. मी नको म्हटलं. पात्यात गवत अडकलं की आपल्याकडे माणूस आधी हात घालतो आणि मग विचार करतो. अक्काने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिनेही सांगितलं, तसलं करू नका, हात लागत्यात मला. मग बशीरभाई विचारात पडले. सीटखालची स्प्रिंगच नरम बसवली तर? भंगारात एक मेलेली स्कूटर पडली होती. तिच्या सीटच्या स्प्रिंगा त्यांनी काढल्या, एक लावून पाहिली, अक्काला बसवलं, सीट हलवून पाहिली. जमलं नाही. दुसरी लावली. जमलं नाही. मग कापून लावली. अक्का बसायची, इंजिन चालू राहायचं. उठायची, बंद व्हायचं. असं उठून बसून तिचे गुडघे दुखले असणार, पण तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मधल्या वेळात तिने भाकरी सोडली आणि आम्हा दोघांना अर्धी-अर्धी दिली. शेठ केबिनमधून बघत होते, त्यांना मिळाली नाही.

चहाच्या सुमाराला तात्यांची जीप आवारात घुसली. ते उतरले तेव्हा चेहरा उतरलेला होता. सकाळपासून बहीण घरात नाही, विहिरी बघून झाल्या होत्या, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. तिला सीटवर बसलेली पाहून त्यांना आधी हायसं वाटलं आणि लगेच राग आला.

"अक्का, सांगून तरी यायचं."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, बशीरभाईंकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला कळत कसं न्हाय? उद्या लग्नाला समदा तालुका यील. लोक म्हनत्याल, म्हातारपनी बहिनीला कामाला जुंपलं. मला तोंड दावायला जागा राहनार न्हाय."

अक्काने विचारलं, "मेंढरं इकलीस तवा काय म्हनली लोकं?"

तात्या टॉवेलाचं टोक पिळायला लागले.

"चांगलं केलं म्हनली. बहिनीच्या पायाची वनवन थांबीवली म्हनली. व्हय ना? मी दवाखान्यात. डोळ्यावर पट्टी. पट्टी सुटली, घरी आले, तर कुंपनात काय न्हाय. मला वाटलं डोळंच नीट झालं न्हाईत." तिने पदर सारखा केला. "तू माझ्यासाठीच केलंस, मला ठावं हाय. म्हनून बोलले न्हाय. पन इचारलं न्हाईस, मारुती."

बशीरभाई हातातला पाना पुसत बसले, तो केव्हाच स्वच्छ झाला होता. मी दुकानात जावं की थांबावं, मला समजेना. तात्या एका तेलाच्या डब्यावर बसले. त्यांच्या पांढऱ्या धोतराला काळा डाग लागला, तो त्यांना दिसलाही नाही. मग ते मला म्हणाले, "साहेब, तुमी सांगा. कंचं घ्यावं?"

मी तोंड उघडलं. हा माझा धंदा होता, आणि उत्तर तयार होतं. पण तात्यांनी हात वर केला, मला थांबवलं, आणि बहिणीकडे वळले.

"अक्का, कंचं घ्यायचं?"

मला वाटलं होतं, म्हातारी डोळ्यांना पदर लावेल. तिने तसं काही केलं नाही. ती सीटवर नीट सावरून बसली आणि तिने माझी उलटतपासणी सुरू केली. या दोन्हींत आधी काय मोडतं? मी म्हणालो, याचा पट्टा. तो कुठं मिळतो? पुण्याला. मग पट्टे आधीच आणून ठेवायचे, तिने सांगितलं. दुरुस्तीला कोण येणार? बशीरभाई. त्यांना विचारलं का? बशीरभाईंनी तत्काळ मान डोलावली. मग ती उतरली, बारक्या ट्रॅक्टरपाशी गेली आणि त्याच्या बॉनेटवर थाप मारली.

"ह्ये जनावर चांगलं हाय. डाळिंबात पायजे आपल्याला. पन औंदा न्हाय. औंदा ते खालचं घे."

खालचं म्हणजे बुटकं. व्यवहार शेठच्या केबिनमधे झाला. किंमत ठरवताना तात्या एक शब्द बोलले नाहीत; अक्काच बोलली. बाजारात मेंढा विकणारा आपल्या मेंढ्याबद्दल काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय असतं, याचा तिला चाळीसेक वर्षांचा अनुभव होता. शेठना खेळणं खपल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ती गेल्यावर ते बराच वेळ पंखा पाहत बसले. मला पेढे मिळाले नाहीत.

बारका ट्रॅक्टर मात्र आमच्याकडे राहिला, आणि पुढे कंपनीने तो परतही मागवला. आपण तो जरा लवकर आणला, याची हळहळ मला अजून वाटते. दहा वर्षांनी त्याच बागांमधे तसल्याच ट्रॅक्टरसाठी लोक नंबर लावून उभे होते, आणि ते विकायला मी नव्हतो, दुसराच कुणी इस्त्रीच्या पॅन्टवाला होता.

लॉनवरच्या त्या पहिल्या लग्नाचं आमंत्रण मला आणि बशीरभाईंना दोघांनाही होतं. बशीरभाई भाच्याच्या आजारपणामुळे येऊ शकले नाहीत. मी मोटरसायकलवर सकाळीच पोचलो. कमान उभी होती, खुर्च्या लागत होत्या, आचारी चुलाण पेटवत होते. लॉन कुणी गालिचा अंथरावा तसं दिसत होतं. आम्ही पाडलेल्या चऱ्यासुद्धा भरून निघाल्या होत्या. आणि पलीकडच्या कडेला, नव्या हिरव्या लुगड्यात, डोक्यावरचा पदर घट्ट खोचून, हौसाअक्का शेवटचा वळसा घालत होती. इंजिन एकदाही बंद पडलं नाही.

तात्या कमानीपाशी पाहुण्यांचं स्वागत करत होते. त्यात त्यांचे व्याही आले, इंदापूरचे बडे गृहस्थ. आयुष्यभर तात्या ज्या एका माणसाच्या मताला घाबरत आले, तो हाच, असं मला कुणीतरी कानात सांगितलं. व्याह्यांनी लॉन पाहिलं, मान हलवली, आणि यंत्रावरच्या म्हातारीकडे बोट करून हसत विचारलं, ही कोण बाई ठेवलीय?

मी जवळच उभा होतो. तात्यांचा हात टॉवेलकडे गेला आणि तिथेच थांबला.

"माजी थोरली बहीण," ते म्हणाले. "लॉन तीच बघती. तुमच्या पोराच्या लग्नाला पायजे आसंल तर आधी तिला इचारावं लागंल."

व्याही जरा गडबडले. मग ते खरोखरच लॉनच्या कडेने अक्काकडे चालत गेले, आणि ती यंत्र थांबवून त्यांच्याशी दोन शब्द बोलली. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पण परत येताना ते गवतावरून आले नाहीत, लांबचा वळसा घेऊन पायवाटेने आले.

मला फार बरं वाटलं. यात आपलाही थोडा वाटा आहे, असं मनात म्हणत मी तिथे हात मागे बांधून उभा राहिलो. अक्का फिरत फिरत माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही चार शब्द बोलणार, म्हणून मी पुढे झालो. तिने इंजिन बंद केलं नाही. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "साहेब, ती फटफटी कुनाची? गवतावर लावलीया."

मी जाऊन मोटरसायकल काढली. स्टँडचं एक भोक आणि टायरची एक रेघ तिथे पडली होती. अक्काने ती पाहिली, माझ्या देखत यंत्र वळवलं आणि तेवढ्या जागेवरून पुन्हा एकदा फिरवून नेलं.